तुमचे माहेर कुठले?



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा पाककृती लिहावी की प्रवासवर्णन, असा विचार मी करीत होते. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक लहानसा प्रसंग घडला. तेव्हापासून एकच विषय मनात घोळतो आहे. तोच येथे मांडते.

आपल्या शेजारच्या इमारतीत नव्याने राहावयास आलेली एक सून त्या दिवशी प्रथमच मंडळात आली होती. वाण घेतले, तिळगूळ झाला, आणि मग आपण सगळ्याजणी नव्या बाईला जो पहिला प्रश्न विचारतो तो मीच विचारला, "तुमचं माहेर कुठलं?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "मला माहेर नाही, काकू. मी आश्रमात वाढले." कुणाला काय बोलावे सुचेना. कुणीतरी घाईघाईने तिच्या हातात आणखी तिळगूळ ठेवला. ती हसली, पण माझा चेहरा उतरला. ज्या प्रश्नाने मी आयुष्यभर अनोळखी बायकांशी ओळखी केल्या, तो प्रश्न एखादीला असा बोचेल, हे सत्तरी उलटेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

घरी आल्यावर मी विचार करू लागले. आपण बायका हा प्रश्न विचारतो तो कशासाठी? पुरुष एकमेकांना "कुठल्या गावचे?" असे विचारतात. एखाद्या पुरुषाला "तुमचे माहेर कुठले?" असे विचारले तर तो थट्टा समजेल. पुरुषाला आजोळ असते, सासुरवाडी असते. पण ज्या घरात तो जन्मला त्याला वेगळे नाव नाही. ते नुसते 'घर'. बाईच्या बाबतीत मात्र त्याच घराला, त्याच भिंतींना आणि त्याच चुलीला लग्नाच्या दिवसापासून दुसरे नाव मिळते. काल संध्याकाळपर्यंत जे घर होते ते आज माहेर होते. भावाचे घर घरच राहते, बहिणीचे माहेर होते. एकाच आईच्या दोन लेकरांना एकाच वास्तूसाठी दोन शब्द वापरावे लागतात, यातच आपल्या समाजाचा पुष्कळसा इतिहास साठवलेला आहे.

शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर मौज वाटते. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह' यावरून प्राकृतातून आलेला आहे. म्हणजे आईचे घर. शेजारच्या कानडी मुलखात 'तवरमने' म्हणतात, त्याचाही अर्थ आईचे घर असाच. हिंदीतला 'मायका' आईचाच. राजस्थानी 'पीहर' आणि गुजराती 'पियर' मात्र बापाच्या घरावरून आले. आपण आईचे नाव राखले याचा मला एकेकाळी फार अभिमान वाटे. पुढे ध्यानात आले, की शब्दात घर आईचे असले, तरी दप्तरात ते वडिलांच्या, आजोबांच्या आणि नंतर भावाच्या नावावर असे. आईचे नाव फक्त बोलण्यात होते. उलट 'सासर' हा शब्द श्वशुराच्या, म्हणजे सासऱ्याच्या घरावरून आला. पण त्या घरात सुनेचा रोजचा संबंध येई तो सासूशी.

आणखी दोन शब्द पाहा. 'सासुरवास' याचा मूळ अर्थ सासरी राहणे, एवढाच. 'माहेरवास' म्हणजे माहेरी राहणे. परंतु पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने पहिल्या शब्दाचा अर्थ छळ असा झाला, आणि 'माहेरपण' म्हणजे कोडकौतुक, विसावा, उशिरापर्यंत झोपण्याची मुभा असा झाला. त्याचप्रमाणे 'नांदणे' हे क्रियापद. ते 'नंद्' या धातूवरून आलेले, म्हणजे आनंदाने राहणे. परंतु नांदायला जाते ती मुलगी, नांदवत नाही ते सासर, आणि न नांदता परत आली तर "माहेरी येऊन पडली" असे लोक म्हणतात. आनंदाने राहण्याच्या शब्दाची सक्ती कशी झाली, हे कोणत्याही कोशापेक्षा आपल्या आज्या अधिक चांगले सांगू शकल्या असत्या.

माझ्या आजीचे लग्न दहाव्या वर्षी झाले. मुलींच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे असा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १९३० पासून अमलात आला. आजीचे लग्न त्याआधीचे. दहा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या गावी धाडायचे, तर तिची समजूत पटण्यासाठी काही रीतिरिवाज लागतात. पहिल्यांदा सासरी जाताना तिच्याबरोबर एखादी वडीलधारी बाई पाठराखीण म्हणून जाई. थोड्या दिवसांनी माहेराहून मूळ येई. न्यायला येणारा भाऊ किंवा काका, त्याला मुराळी म्हणत. मुराळी आल्याशिवाय मुलीने स्वतःहून माहेरी जायचे नाही आणि सासूने होकार दिल्याशिवाय मुराळ्याने तिला न्यायचे नाही, अशी दोन्ही बाजूंनी वेस घातलेली असे. आजी सांगे, वेशीकडून येणारा कोणीही फेटेवाला दिसला की आपला भाऊच आहे असे तिला वाटे.

आपले सणवार या दृष्टीने पाहिले, तर ते जणू माहेरच्या रजांचे वेळापत्रकच आहे. नव्या सुनेने पहिला आषाढ माहेरी काढायचा. श्रावणात मंगळागौर आणि नागपंचमी. आपल्या सांगली-साताऱ्याकडे पंचमी हा तर लेकींचाच सण. झाडाला झोके बांधलेले, फेर धरलेला, हातांवर मेंदी. पहिली दिवाळी जावयासह माहेरी, तो दिवाळसण. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी किंवा बहीण माहेरी. आणि पहिले बाळंतपण माहेरी, हा तर अलिखित कायदाच. यामागे शहाणपण होते हे नाकारता येणार नाही. कोवळ्या वयाच्या मुलीला पहिल्या खेपेला आईचा हात आणि सव्वा महिन्याची विश्रांती मिळावी, अशी ती सोय होती. त्याचबरोबर बाळंतपणाचा खर्च आणि जोखीम मुलीच्या बापावर टाकणारीही तीच रीत होती. एकच रूढी एका बाजूने माया असते आणि दुसऱ्या बाजूने हिशेब असतो, हे आपल्या बहुतेक चालीरीतींबद्दल म्हणता येईल.

देवींनाही आपण यातून सोडले नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्या जातात. अडीच-तीन दिवसांच्या या माहेरवाशिणी. आल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. लेक लांबून दमून आली, तिला आधी घरचे साधे जेवण द्यावे आणि मग गोडधोड करावे, हा त्यातला भाव. चैत्रातली गौर तर अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर झोपाळ्यात बसते, आणि आपण तिच्या निमित्ताने कैरीची डाळ आणि पन्हे करून एकमेकींना बोलावतो. वारकरी संतांनी पंढरपूरला माहेर म्हटले. ज्या पुरुषांना या अर्थाने माहेर नव्हते त्यांनाही विश्रांतीच्या परमोच्च जागेसाठी बायकांच्याच शब्दकोशात यावे लागले, याचे मला मोठे कौतुक वाटते. जात्यावरच्या ओव्यांचे तर विचारूच नका. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या तोंडच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, पीठ पडत असताना, आई, बाप आणि विशेषतः भाऊ यांची आठवण हा त्यांचा नित्याचा विषय आहे.

इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात या प्रश्नाचा फार मार्मिक विचार केला आहे. उत्तरेकडे मुलगी दूरच्या, अनोळखी गावात देतात. तेथे माहेर आणि सासर ही जणू दोन वेगळी जगे असतात. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी मुलगी मामाला किंवा आतेमामे भावंडांत देतात. तेथे सासूच आत्या किंवा आजी असते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे; मग सुनेला आत्याचे घर मिळते. म्हणजे माहेर किती दूर, हा प्रश्न केवळ कोसांचा नव्हता. सासरच्या उंबऱ्यात आपल्याला लहानपणापासून ओळखणारे कोणी आहे की नाही, हाही त्याचाच भाग होता.

आता या प्रश्नाची कठोर बाजू पाहू. ज्या मुलीला सासर नको असेल, किंवा सासरला ती नको असेल, तिने कोठे जावे? मुंबईच्या रखमाबाईंचे उदाहरण आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई, आईचे दुसरे यजमान डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या. नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ साली त्यांच्यावर नांदायला येण्याचा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपील झाले, आणि १८८७ साली न्यायालयाने सांगितले, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी काम केले, आणि १९५५ साली त्या वारल्या. पाठीशी उभे राहणारे एक घर होते म्हणून त्या एवढा लढा देऊ शकल्या, असे मला वाटते. ज्यांना ते नव्हते अशा किती जणी गप्प बसून नांदल्या असतील, त्यांचा खटला कोठे नोंदला गेला?

विधवांचे तर दोन्ही घरी ओझेच. अशा स्त्रियांसाठी पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. देवरुखच्या गोदूबाई जोशी या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी त्या जोडप्यावर बहिष्कार घातला. म्हणजे अण्णांनाच स्वतःच्या घरी जाता येईना! बायकांना जे दुःख पिढीजात होते ते एका पुरुषाच्या वाट्याला आले. १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला गेला. त्या संस्थेच्या निधीला 'भाऊबीज' असे नाव दिले गेले. कार्यकर्त्या घरोघर फिरून भाऊबीज मागत आणि लोक ती आनंदाने देत. देणगी म्हटले असते तर कदाचित इतकी जमली नसती. बहिणीची ओवाळणी म्हटल्यावर हात सैल सुटला. आपल्याच जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या आणि अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या घरात आलेल्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. या सर्व संस्थांचा इतिहास शिक्षणाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु मला त्यात ज्यांना माहेर उरले नव्हते त्यांच्यासाठी उभारलेल्या माहेरांचा इतिहासही दिसतो.

येथपर्यंत इतरांची गोष्ट झाली. आता माझी सांगते, कारण ती सांगितल्यावाचून हा लेख खोटा ठरेल.

माझे माहेर वाईचे. कृष्णेच्या घाटापासून जवळ, वडिलांनी शिक्षकाच्या पगारातून पैसा पैसा साठवून बांधलेले दोन खणांचे घर, मागे परसू, परसात पारिजात. १९७२ साली लग्न होऊन मी सांगलीत आले. आई म्हणाली होती, "रडू नकोस. हीच कृष्णा तुझ्या गावावरून जाते. मी घाटावर उभी राहिले की समज, मी तुला बघतेय." सांगलीच्या घाटावर पहिली दोन वर्षे मी त्या पाण्याकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

१९९६ साली वडील गेले. दोन वर्षांनी दादाचे पत्र आले, "एका सहीसाठी दोन दिवस येऊन जा." मी गेले. वहिनीने पुरण घातले होते. दुपारी आम्ही दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो. तेथे हक्कसोडपत्र तयार होते. लेखनिकाने बोट ठेवले तेथे मी सही केली, अंगठाही दिला. घरी आल्यावर दादाने मला इरकल नेसवली, वहिनीने ओटी भरली, आईने डोक्यावरून हात फिरवला. मला वाटले, मी माहेर जपले. ज्या बहिणी हिस्सा मागतात त्यांचे माहेर तुटते, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. भावाला सगळे देऊन टाकले की आपले जाणे-येणे कायम राहते, अशी माझी पक्की समजूत होती.

२००९ साली आई गेली. 'आई आहे तोवर माहेर' असे म्हणतात; पण दादा-वहिनींनी त्यानंतरही माझे काही कमी केले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. २०१२ साली दादाने ते घर विकले आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. मला ते कळले ते दुसऱ्याच एका नातेवाइकांच्या तोंडून, व्यवहार पूर्ण झाल्यावर. दादाला विचारले तर तो गोंधळून म्हणाला, "अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं." त्यात त्याचे कपट नव्हते. कागदावर माझे नाव नव्हते, म्हणून मला विचारण्याची त्याला आठवण झाली नाही, एवढेच. मला पैसे नको होते. एकदा जाऊन परसातल्या पारिजाताखाली उभे राहावे, एवढे मनात होते. तेही झाले नाही.

काही वर्षांनी माझी लेक हे ऐकून म्हणाली, "आई, सही करताना कागद वाचलास तरी का?" मी नाही म्हणाले. खरोखरच वाचला नव्हता. मी शिकलेली, मंडळाचे अहवाल लिहिणारी बाई. घासाघीस केल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही. आणि जन्मघराचा कागद न वाचता सही करून आले!

त्यानंतर मी वाचायला लागले, आणि जे समजले ते थोडक्यात सांगते. हिंदू स्त्रीला वारसा मिळावा यासाठी डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला आणि ते रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा त्या कायद्याने दिला. म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात मी, दादा आणि आई असे तिघे सारख्या वाट्याचे धनी होतो. परंतु त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात एक मेख होती. घरातले पुरुष वारस आपसांत वाटणी करीत नाहीत तोवर मुलीने राहत्या घराची वाटणी मागायची नाही. आणि त्या घरात राहण्याचा हक्क तिला केव्हा? तर ती अविवाहित, नवऱ्याने टाकलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली किंवा विधवा असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या लेकीला जन्मघरात राहण्याचा हक्क नव्हता. आपल्या 'माहेर' शब्दात जे शतकानुशतके गृहीत धरलेले होते तेच कायद्याने लिहून ठेवले होते, की तू येथे पाहुणी आहेस, किंवा दुर्दैवी आहेस.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना जन्माने हक्क देणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली केला. परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार झाली आणि ते तेविसावे कलमही रद्द झाले. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. सासरच्या घराबद्दल म्हणाल, तर घर कोणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदत होती त्यातून तिला कायदेशीर मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही, ही तरतूद २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आहे. अर्थात वारशाचे हे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहेत; आपल्या मंडळातील मुस्लिम व ख्रिस्ती भगिनींचे वारसाहक्क त्यांच्या त्यांच्या कायद्यांप्रमाणे आहेत.

कायदा बदलला. हक्कसोडपत्रे मात्र आजही होतात आणि त्या दिवशी पुरणही शिजते. त्याबद्दल मी कोणाला नावे ठेवीत नाही. बहिणीने राजीखुशीने भावाला द्यावे, यात वावगे काहीच नाही. गरीब भाऊ आणि सुस्थितीतली बहीण असेल तर ते शोभूनही दिसते. परंतु दान करायचे तर ते आपले आहे हे आधी ठाऊक असायला हवे. मला ठाऊकच नव्हते. म्हणून माझे ते दान नव्हते, नुसती सही होती.

तीन वर्षांपूर्वी यजमानांनी आणि मी मृत्युपत्र केले. राहते घर दोघांच्या नावावर करून घेतले होतेच. ते आमच्यामागे मुलगा आणि मुलगी यांना समान. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण ताईचं तर लग्न झालंय, आई!" मग स्वतःच ओशाळला आणि गप्प बसला. स्वयंपाकघरातून सूनबाई बाहेर आली. पदराला हात पुसत एवढेच म्हणाली, "आई, मी मागच्या वर्षी माहेरी सही करून आले. तेव्हा मला हे कोणीच सांगितलं नाही." भगिनींनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. लेकीच्या हक्काचा विचार मला सुचला होता. सूनही कोणाची तरी लेक आहे, ती कागदावर सही करायला निघाली तेव्हा तिच्या ओटीत नारळ घालून "सावकाश ये" म्हणणारी मीच होते. "कागद वाचून ये" असे म्हणायला हवे होते.

आणखी एक आठवण सांगून आवरते घेते. माझी आजी लेकीच्या घरी पाणीही पीत नसे. मुलीच्या घरचे खायचे नाही, असा तिचा नेम होता. नातू झाल्यावरच तिने तो सोडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, ते दिवस तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. आपल्या गल्लीतल्या बायका मुलाबाळांना घेऊन कुठे गेल्या, आठवून पाहा. बहुतेकजणी माहेरी गेल्या. मला जायला माहेर उरले नव्हते. तेव्हा तासगावहून लेक आणि जावई आले आणि आम्हा दोघांना घेऊन गेले. नऊ दिवस मी लेकीच्या सासरी राहिले, जेवले, झोपले. विहीणबाई पहाटे उठून मला चहा करून देत आणि म्हणत, "तुम्ही नका उठू, माहेरपणाला आलाय असं समजा." वाईहून निघालेली जी नदी आईची नजर घेऊन येते असे मी मानत होते, तिनेच मला घराबाहेर काढले आणि लेकीच्या सासरी नेऊन माहेर दाखवले. आजी असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे.

तेव्हा मंडळापुढे मी नम्रपणे दोन गोष्टी ठेवते. पहिली, वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या वकीलबाईंना बोलावून वारसा, मृत्युपत्र आणि हक्कसोडपत्र यांची माहिती सोप्या मराठीत करून घ्यावी. कोणाला भांडायला लावण्यासाठी नव्हे. सही करायची तर उघड्या डोळ्यांनी करावी, यासाठी. दुसरी, पंचमीला ज्यांना न्यायला मुराळी येत नाही अशा आपल्यात कितीतरी आहेत. कोणाचे आईवडील गेले, कोणाचे घर विकले गेले, कोणी मनाविरुद्ध लग्न केले म्हणून दार बंद झाले, कोणी आश्रमात वाढल्या. त्यांना आपल्यापैकी एकेकीने दोन दिवस घरी न्यावे. आयते जेवण, दुपारची झोप आणि निघताना ओटी, एवढेच करायचे.

मी सुरुवात केली आहे. गेल्या श्रावणात आमच्या नातवाला मुराळी करून समोरच्या इमारतीत धाडले. ती मुलगी पिशवी घेऊन आली आणि पहिल्या दिवशी अवघडून नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत झोपली. सूनबाई तिला उठवायला निघाली, तेव्हा मी तिला हाताने थांबवले. जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, आता मला कुणी विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटले, "सांग, सांगलीचं."